डाव्या पायाला सुट्टी

इंद्रभानच्या डाव्या गुडघ्याची वाटी झिजली होती आणि ती कशानं झिजली हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एकतीस वर्षं त्यानं बस चालवली. फाटा आला की क्लच, म्हैस आडवी आली की क्लच, चालत्या गाडीला हात दाखवणारी म्हातारी दिसली की क्लच. उजवा पाय प्रवाशांचा, डावा डेपोचा, असं तो म्हणायचा. निवृत्तीच्या दिवशी हारतुऱ्यासोबत दोन्ही पाय त्याला परत मिळाले, पण डावा तोवर वापरून संपला होता.

वाशीमच्या डॉक्टरनं गुडघ्याचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि सांगितलं, "चालणं-फिरणं करा. पण क्लच दाबायचा नाही. जीपचा नाही, ट्रॅक्टरचा तर नाहीच नाही."

इंद्रभाननं फोटो हातात घेतला. काळ्या कागदावर पांढरी हाडं एकमेकांना टेकलेली. भांडून थकलेले दोन भाऊ एकाच भिंतीला पाठ लावून बसावेत तशी. त्यानं फोटो गुंडाळला आणि पिशवीत घातला. जे बोलायचं होतं ते डॉक्टरला उद्देशून नव्हतंच.

गोष्ट चार एकरांची होती. शेलूबाजारहून आत सहा किलोमीटरवर चिंचखेड, आणि चिंचखेडच्या नाल्याला लागून हे वावर. काळं, खोल, उन्हाळ्यात भेगाळून हात आत जाईल असं. एके काळी ते गावच्या मोठ्या घराचं होतं आणि त्या घरी इंद्रभानचा बाप सव्वीस वर्षं सालदार होता. याच वावरात त्यानं वखर हाकला, तिफण हाकली, आणि याच वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, बसून भाकर खाल्ली. त्याच्या पायांना वावराचा कोपरा न कोपरा माहीत होता. सात-बाऱ्याला मात्र त्याचं नाव माहीत नव्हतं. पुढं मोठ्या घरात वाटण्या झाल्या, एका भावानं आपला हिस्सा विकायला काढला आणि इंद्रभाननं पगारातून साठवलेलं सगळं त्यात ओतलं. खरेदी केली ती बायकोच्या, लिलाबाईच्या नावानं. "डायवर मानूस रोज रस्त्यावर," तो तेव्हा म्हणाला होता. "उद्या माहं काही झालं त वावर तरी हिच्या हाती राहीन."

त्याचं काही झालं नाही. तो मुक्कामी गाडी घेऊन परगावी झोपायचा आणि लिलाबाई पहाटे बंडी जुंपून वावरात जायची. बंडी हाकणारी बाई म्हणून गावानं तिला नावं ठेवली, मग नावं ठेवून कंटाळलं आणि शेवटी तिच्याच बंडीत बसून बाजाराला जाऊ लागलं. इंद्रभान निवृत्त झाला तोवर बैल म्हातारे होऊन गेले होते. नांगरणी-पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर आली. भाड्याचा ट्रॅक्टर आधी विकासरावच्या वावरात जायचा, मग विकासरावच्या सोयऱ्यांच्या, मग उरलेल्या गावाच्या आणि सगळ्यांच्या शेवटी इंद्रभानच्या. त्यातही नाल्याकडचा तिकोना तसाच राहायचा. तिथं ट्रॅक्टर वळवायला चारदा मागं-पुढं करावं लागे आणि ट्रॅक्टरवाल्यांना तेवढा दम नसे. दरवर्षी त्या तिकोन्यात तरोटा माजायचा. बापानं बैलांनी वखरलेला तुकडा साठ घोड्यांच्या ताकदीला जड होत होता.

विकासराव म्हणजे मोठ्या घराचा नातू. वागायला चांगला, बोलायला गोड, वावराला वावर जोडत चाललेला.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलगा धम्मपाल वाशीमहून आला. तिथं तो सरकारी कचेरीत नोकरीला होता आणि कचेरीतली एक सवय त्याला लागली होती. तो कुठलीही गोष्ट आधी ठरवून यायचा आणि मग विचारायचा.

"बाबा, विकासभाऊ तयार हायेत. चारही एकर मक्त्यानं घेतो म्हनतात. पेरतीन ते, कापतीन ते, आपले वर्षाचे पैसे घरी आनून देतीन. तुमी सावलीत बसा."

"सावलीत बसाले मी काय म्हैस हाये?"

"तुमचा गुडघा पाहा ना."

"गुडघा माहा हाये. विकासच्या आजाचा नाही."

"कुठली गोष्ट कुठं नेता तुमी!"

"तिथंच नेतो. माह्या बापानं दुसऱ्याचं वखरलं. म्या बस हाकली, तेबी दुसऱ्याची. आता माहं वावर हाये, ते म्याच हाकीन. त्या घरचा मानूस तिथं पुन्हा तिफन घेऊन उतरला त माहा बाप मेला काहून?"

धम्मपालनं आईकडं पाहिलं. लिलाबाई सुपात तुरीची डाळ पाखडत बसली होती. सूप थांबलं.

"माहं वावर, माहं वावर," ती म्हणाली. "सही कोनाची लागते रे धम्मा?"

"तुही."

"मंग आयका दोघंबी." तिनं सूप खाली ठेवलं. "मिरग लागायच्या आधी यायनं येका दिवसात चारही एकर वखरून दाखवावं. सोता. भाड्याचा मानूस नाही. संध्याकाळी आपल्या पायानं धुऱ्यावर चालत आले, त मी सही करनार नाही. उचलून आना लागलं, त करीन. मले या वयात तुमची मालिश करत बसाची नाही."

"क्लच दाबल्याशिवाय ट्रॅक्टर चालत असते का आई?"

"ते यायले इचार. डायवर ते हायेत."

इंद्रभानला उत्तर ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी रिसोडच्या बाजारात त्यानं एक ट्रॅक्टर पाहिला होता. समोर लोखंडी सूप लावलेला, मातीचे ढीग उचलून ट्रकमध्ये टाकणारा. पुढं जायचा, मागं यायचा, पुढं, मागं, आणि वर बसलेल्या पोरगेल्या माणसानं डावा पाय चक्क मांडी घालावी तसा सीटवर दुमडलेला. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला एक कांडी होती. ती पुढं ढकलली की गाडी पुढं, मागं ओढली की मागं. इंद्रभान उन्हात उभा राहून तासभर ते पाहत होता. एकतीस वर्षं ज्या पायानं देणं भरलं तो पाय हा माणूस सीटवर ठेवून पानाचा तोबरा चघळत होता. इंद्रभानला आधी त्याचा राग आला, मग हेवा वाटला आणि मग त्यानं जवळ जाऊन विचारलं, "याले काय म्हनतात?"

"शटल. हायड्रोलिकवालं, काका."

तो शब्द त्यानं खिशात चिठ्ठी ठेवावी तसा जपून ठेवला होता.

नवा घ्यायची ऐपत नव्हती. जुना पाहायचा होता. शेलूबाजारला हायवेच्या कडेला जुन्या ट्रॅक्टरांचं एक आवार होतं. उत्कर्ष नावाचा तरुण ते चालवत असे. ओळीनं उभे केलेले ट्रॅक्टर, सगळ्यांना नवा रंग, टायरांना काळं पॉलिश. लग्नाला निघालेल्या म्हाताऱ्यांसारखे.

"शटल पायजे? हे घ्या काका, तुमच्यासाठीच उभं हाये." उत्कर्षनं निळा ट्रॅक्टर दाखवला. स्टिअरिंगजवळ कांडी होती. "आगे-पीछे, बस. मक्खन."

इंद्रभान चढला. क्लचवर पाय न ठेवता त्यानं कांडी ढकलली. गिअरबॉक्समधून असा आवाज आला की शेजारच्या हॉटेलातले चहा पिणारे उठून बाहेर आले.

"अरे काका काका! क्लच दाबा ना!"

"मंग हे शटल कायचं?"

"शटलच हाये! रिव्हर्स शोधा लागत नाही, कांडी टाकली की झालं. क्लच त दाबाच लागते. हायड्रोलिकवालं येगळं असते, ते महाग असते, ते आपल्या भागात कोन घेते? तुमी क्लच दाबून पाहा, एकदम हलका हाये. बाई मानूसबी दाबन."

हॉटेलाच्या दारातून कोणीतरी म्हणालं, "काकाले बसची सवय हाये, घंटी वाजवल्याशिवाय निघत नाही."

सगळे हसले. इंद्रभान खाली उतरला. उत्कर्ष खोटं बोलला नव्हता, हे त्याला कळत होतं. गाडी चांगली होती. ज्याचा गुडघा शाबूत आहे त्यानं डोळे मिटून घ्यावी अशी. पण शटल म्हटलं की सगळं आलं असं समजून तो फसणार होता, एका शब्दावर.

"घंटी मीच वाजवतो," तो दारातल्या माणसाला म्हणाला. "तू उतरून घे."

उत्कर्ष मात्र चांगल्या मनाचा निघाला. निघताना त्यानंच पत्ता दिला. "मानोऱ्याकडं जा. तांड्यावर रामसिंग मुकादम हाये. त्यानं तिकडून, साखरवाल्यांच्या भागातून, एक आनला हाये. पाहाण्यासारखा नाही. पण कांडी तुमाले पायजे तशी हाये."

रामसिंग दर वर्षी तांड्यावरच्या नवरा-बायकोच्या जोड्या घेऊन ऊसतोडीला जायचा. तिकडं एका कारखान्याच्या आवारात हा ट्रॅक्टर समोर लोडर लावून ऊस ढकलायचा. लोडर काढून घेऊन त्यांनी नुसता ट्रॅक्टर विकला आणि रामसिंगनं आणला. आता बाभळीखाली उभा होता. रंग कोणता होता हे सांगणं अवघड. पुढच्या बाजूला लोडरचे आधार तसेच राहिलेले, दोन तुटक्या शिंगांसारखे.

"जयभीम."

"रामराम, डायवरसाब. बसा, पानी घ्या. गाडी काही पळून नाही जात."

"पळते का नाही तेच पाहाले आलो."

रामसिंग मोठ्यानं हसला. पन्नाशीचा, जाड मिशांचा, हसताना पूर्ण हलणारा माणूस. "चढा मंग."

"आत्ता नाही. आधी चालू करून ठेवा. घंटाभर चालू द्या."

"कायले? सकाळीच फिरवली."

"थंडी गाडी खोटं बोलते, रामसिंगभाऊ. तापली की खरं सांगते."

त्या तासात इंद्रभाननं गाडीला प्रदक्षिणा घातली. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. टक्, असा आवाज आला. लोडरचं ओझं वाहून पुढचा आस ढिला झाला होता. "हे बुश गेले," तो म्हणाला. रामसिंग म्हणाला, "गेले." इंद्रभानला त्या एका शब्दाचं बरं वाटलं. मग त्यानं तेलाची पट्टी ओढली, बोटानं पुसली आणि नाकाशी नेली. जळका वास नव्हता. इंजिनचं झाकण उघडून धूर किती फेकते ते पाहिलं. थोडा फेकत होती, या वयात माणूसही फेकतो. हायड्रोलिक पंपाचा भाग मिळतो का, हे विचारलं. "भेटते. अकोल्याहून आना लागते, दोन-चार दिस थांबा लागते," रामसिंग म्हणाला. सुटे भाग नाक्यावर मिळतील असं तो म्हणाला असता तर इंद्रभान तसाच परत गेला असता.

मग तो चढला. सुरू करताना एकदा क्लच लागतो, गिअर टाकताना एकदा लागतो. त्यानंतर दिवसभर कांडीचं काम. रामसिंगनं गिअर टाकून दिला आणि खाली उतरला. इंद्रभाननं हातानं रेस वाढवली आणि कांडी पुढं केली. इंजिनचा आवाज किंचित दबला, पाणी प्यायला वाकलेल्या बैलाच्या मानेसारखा, आणि गाडी पुढं सरकली. धक्का नाही. कांडी मागं. आवाज दबला, गाडी मागं सरकली. आवाज दबणं आणि गाडी सरकणं यांत फट मोठी असली की समजावं आतल्या चकत्या झिजल्या. फट नव्हती.

पण पाय ऐकेना.

कांडी हलली की डावा पाय आपोआप उठायचा आणि क्लचवर जाऊन आदळायचा. इंद्रभान त्याला नको म्हणत होता. पाय एकतीस वर्षांचं ऐकत होता. चौथ्या वेळी गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांसमोर बाभूळ पांढरी झाली.

तांड्यावरच्या बाया ओट्यांवर येऊन बसल्या होत्या. रामसिंग म्हणाला, "साब, गाडीचा क्लच सुटला, तुमचा नाही सुटला."

"सोडवतो."

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला. डावा पाय लांब करून पायदानावर ठेवला आणि घोटा पायदानाच्या लोखंडी कडीला दुपट्ट्यानं बांधून टाकला. दोन गाठी. तिसरी दातांनी ओढून. ओट्यावरची एक म्हातारी बंजारी बोलीत काहीतरी म्हणाली आणि सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"काय म्हनते ते?"

"म्हनते, बुढ्याले गाडीवर बांधून पाठवा, पडन तरी नाही."

"त्याइले सांगा, ब्रेक उजव्या पायात असते अन् तो मोकळा हाये."

मग तो अर्धा तास त्या मोकळ्या मैदानात पुढं-मागं करत राहिला. पाय दुपट्ट्याला हिसके देत राहिला, खुंट्याला बांधलेल्या अडेल वासरासारखा. मग हिसके कमी झाले, मग थांबले. इंद्रभाननं खाली पाहिलं. पाय नुसता पडून होता. कामावर नसलेला आपला डावा पाय तो आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता.

बुश बदलून मिळाल्यावर सौदा, असं ठरलं. धम्मपालनं फोनवर फोटो पाहिला आणि म्हणाला, "बाबा, हे काय आनून राह्यले? त्या उत्कर्षकडं निळा होता ना, नव्यासारखा?"

"नव्यासारखा होता. माह्यासारखा नव्हता."

ट्रॅक्टर चिंचखेडला आला तेव्हा गावानं त्याचं नाव दारात पोचण्याआधीच ठेवलं: भंगार. पारावरून रोज नवा प्रश्न यायचा. डायवरसाहेब, किलोनं आनला का नगावर? इंद्रभान उत्तर द्यायचा, "तुह्या लग्नात वाजवाले आनला." दररोज सकाळी तो घरासमोरच्या मोकळ्या जागेत पाय बांधून सराव करायचा. लिलाबाई दारात बसून चहा प्यायची आणि पाहायची. एकदा फक्त म्हणाली, "बंडीपेक्षा सोपं दिसते. बैलाले शिव्या त द्या लागत होत्या." त्यावर इंद्रभान घुश्शात म्हणाला, "दिसते सोपं."

मे संपायला तीन दिवस असताना त्यानं दिवस ठरवला. उजाडताना मागं पाच फणांचा वखर जोडला, गाडी सुरू केली, गिअर टाकला, पाय बांधला. पाय दिवसभर बांधायचा होता, सुटला तर सवय पुन्हा जागी होणार, म्हणून त्या दिवशी त्यानं तो जरा जास्तच आवळला.

माती कडक होती. फण आत शिरताना ढेकळं उलटत आणि खालची गार, अंधारी माती वर येऊन क्षणभर चमके, मग उन्हानं फिकी पडे. काकरामागून काकर. धुरा आला की वखर उचलायचा, कांडी मागं, थोडं वळण, कांडी पुढं. भाड्याचे ट्रॅक्टर धुऱ्यापासून दोन वाव सोडून वळायचे. इंद्रभान धुऱ्याला चाक लावून वळत होता. बाप बैल असेच धुऱ्याला नाक लावून वळवायचा. कोणाचं होतं ते रान तेव्हा, आणि हा माणूस त्याचा इंचही वाया जाऊ देत नव्हता! इंद्रभानला लहानपणापासून बापाच्या त्या इमानाचा राग होता. आज तो राग स्टिअरिंगमध्ये होता, दोन्ही हातांत, आणि गाडी सरळ चालली होती.

दुपारी लिलाबाई डबा घेऊन आली. तो उतरला नाही. वरच बसून भाकर-पिठलं खाल्लं.

"पाय सोडून घ्या घडीभर," ती म्हणाली.

"सोडला त पुन्हा बसाचा नाही."

"रंग पाहा त्याचा."

"तू रंग नको पाहू. वावर पाहा."

ती निंबाखाली जाऊन बसली आणि तिनं वावर पाहिलं. ते ती तीस वर्षं पाहतच आली होती, याची आठवण तिनं त्याला करून दिली नाही.

उन्हं कलली तेव्हा तीन एकरांच्या वर झालं होतं आणि धुऱ्यावर दोन माणसं येऊन उभी होती. धम्मपाल, आणि त्याच्यासोबत विकासराव. विकासरावच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात वावरात न शिरणाऱ्या माणसाच्या चपला.

"काका, मानलं तुमाले," विकासरावनं हात उंचावून म्हटलं. "या वयात!"

इंद्रभाननं गाडी थांबवली नाही. नाल्याकडचा तिकोना राहिला होता. तो टोकापर्यंत गेला. कांडी मागं. पुढं. मागं. पुढं. चार वेळा नाही, अकरा वेळा. नाल्याच्या काठावरून मागचं चाक हातभर राहिलं तेव्हा धम्मपाल ओरडला. इंद्रभाननं कांडी पुढं केली आणि वर्षानुवर्षांचा तरोटा मुळासकट उपटत तिकोन्याचा शेवटचा काकर ओढला. पण तिकोन्याच्या अलीकडं, विकासरावच्या धुऱ्याला लागून, अजून सात-आठ काकरांची पट्टी उभी होती. तिथं गाडी आणून त्यानं कांडी मधोमध ठेवली, ब्रेक लावून अडकवला आणि पायाची गाठ सोडायला वाकला. घडीभरच उतरणार होता, लघवीला. दिवसभर तेवढं त्यानं रोखलं होतं.

गाठ सुटली, पण पाय आला नाही.

घोट्यापासून मांडीपर्यंत पाय होता आणि नव्हता. सकाळी आवळलेल्या दुपट्ट्यानं तो पार बधिर झाला होता. इंद्रभाननं दोन्ही हातांनी तो उचलून बाहेर काढला, पायरीवर ठेवला, भार दिला आणि सरळ मागच्या चाकाजवळच्या ढेकळांत येऊन बसला. पडला, असं म्हणणाऱ्याशी तो आजही भांडतो.

धम्मपाल धावत आला. "म्हटलं होतं ना म्या! उठा, खांदा घ्या."

"हात लावू नोको."

"बाबा, उचला लागन तुमाले."

"हात लावशीन त ढेकूळ हानीन!" त्याच्या हातात खरंच ढेकूळ होतं. तो उठायला गेला आणि पुन्हा बसला. पायात आता मुंग्या नव्हे, विंचू चालू लागले होते. वर इंजिन संथपणे धडधडत होतं, वाट पाहणाऱ्यासारखं.

लिलाबाई निंबाखालून आली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी तिनं पहिल्यांदाच पाहिलं. गुडघ्याचा फोटो पाहूनही ते आलं नव्हतं. विकासराव अदबीनं चार पावलं पुढं आला.

"काकू, घाई नाही. पन ठरल्यापरमानं... कागद आनला व्हता."

"ठरलं व्हतं," लिलाबाई म्हणाली. "उचलून आना लागलं त सही करीन."

"लिला..." इंद्रभान म्हणाला.

"चूप बसा. अजून कोनं उचललं तुमाले? अन् वावर कुठं झालं पुरं? सात-आठ काकर बाकी हायेत." तिनं पदर कमरेला खोचला, चप्पल काढली आणि मडगार्ड धरून पायरीवर पाय ठेवला.

"आई! काय करून राह्यली तू?"

"बैल उभे ठेवून गप्पा मारनं मले आवडत नाही."

ती सीटवर बसली. अठ्ठावन्न वर्षांची, बुटकी, पाय पायदानावर जेमतेम टेकणारी. स्टिअरिंग तिनं कासऱ्यासारखं दोन्ही हातांत गच्च धरून पाहिलं, मग सैल केलं.

"उतर लिला," इंद्रभान खालून ओरडला. आवाजात काळजी होती, पण त्याहून जास्त दुसरं काही होतं. कोणीतरी त्याची जागा घेत होतं, आणि ती जागा मिळवायला त्याला बासष्ट वर्षं लागली होती. "तुले येत नाही ते!"

"बंडी कोन हाकत होतं? तुमी होते का मांगं बसून?"

तो मुक्कामी गाडीत झोपलेला असताना या वावरात कोण होतं, हे धुऱ्यालासुद्धा माहीत होतं. आजवर तो ज्याला माहं माहं म्हणत आला त्याच्या कागदावर पहिल्यापासून तिचं नाव होतं, आणि तिनं ते एकदाही काढून दाखवलं नव्हतं.

"ब्रेक उजवीकडं," तो म्हणाला. "आधी त्याची कडी काढ. रेस वाढवू नोको."

"मालूम हाये. पंधरा दिस पाहून राह्यली मी."

तिनं कडी काढली, वखर खाली सोडला आणि कांडी पुढं ढकलली. आवाज दबला. गाडी निघाली. पहिला काकर वाकडा गेला, धुऱ्याजवळ तिनं वळवायला उशीर केला आणि ट्रॅक्टर धुरा चढून पलीकडं विकासरावच्या वावरात उतरला, वखरासकट.

"काकू! काकू, धुरा!" विकासराव कागद हलवत धावला. "माह्या वावरात शिरल्या तुमी!"

लिलाबाईनं वखर उचलला. कांडी मधोमध केली. गाडी थांबली. तिनं वरून त्याच्याकडं पाहिलं.

"तुह्या आजानं माह्या सासऱ्याले सव्वीस वर्षं वापरलं त्या वावरात," ती म्हणाली. "मी दोन हात आली त येवढा कायले भेतं?"

विकासरावनं हलवता कागद खाली घेतला. धम्मपालनं मान खाली घातली; हसू लपवायला की दुसऱ्या कशाला, ते कळलं नाही.

"सरक बापू. अन् कागद सांभाळ, चाकाखाली येईन."

तिनं कांडी मागं ओढली. ट्रॅक्टर धुरा उतरून आपल्या वावरात आला. इंद्रभान एका हातानं मांडी चोळत, दुसऱ्या हातानं डावी-उजवी दाखवत ढेकळांत बसला होता. ती त्याच्या हाताकडं पाहत नव्हती. दुसरा काकर सरळ निघाला.